‘वोर्न ऑफ’ म्हणजे कळ गेली की गोळीचा असर गेला?

एका सिस्टरचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून तेवढं वगळून पत्रातला मुख्य भाग देतो.

‘मी मूळची मिरजेची. तिथेच जी.एन.एम. केलं, काही वर्षं सर्जिकल वॉर्डात नोकरी केली, आणि आता इंग्लंडच्या उत्तर भागात एका रुग्णालयात आहे. इंग्रजीची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले होते, त्यामुळे भाषेची धास्ती नव्हती. पण इथले पेशंट परीक्षेतल्यासारखं बोलत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा रात्री मला म्हणाले, “इट्स वोर्न ऑफ, लव्ह.” मला वाटलं दुखायचं थांबलं. “गुड!” म्हणून मी पुढच्या बेडकडे गेले. परत आले तेव्हा ते घामाने भिजलेले, ओठ आवळून पडलेले दिसले. मी लगेच औषधाची व्यवस्था केली, पण माझा घोटाळा कुणाला सांगितला नाही. दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, “इट हॅझन्ट लेट अप ऑल नाइट.” “हॅझन्ट” ऐकलं, “अप” ऐकलं, आणि दुखणं वाढलेलं नाही असं मी हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना, सांगून टाकलं. आणि परवा एका पेशंटची मुलगी रडत होती, तिला मी मायेने “काम डाउन”, म्हणजे शांत हो, म्हटलं, तर ती माझ्यावरच भडकली. कमी होणं, थांबणं, ओसरणं एवढ्यासाठी या लोकांना इतके शब्द का लागतात? मी ते कसे शिकू? माझी धाकटी बहीण मिरजेत ओईटीची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय. क्लासने तिला दोनशे फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे ‘वेअर ऑफ’सारख्या जोड क्रियापदांची, यादी पाठ करायला दिली आहे. तिने ती पाठ करावी का?’

सिस्टर,

तिन्ही प्रसंगांत आजोबांचा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात एका माणसाला विनाकारण कळ सोसावी लागली. म्हणून आधी त्याविषयी.

‘वेअर’ म्हणजे झिजणं. मुलामा झिजतो आणि खालचा धातू उघडा पडतो, ते ‘वेअर ऑफ’. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या अंगावर असा मुलामा कशाचा असतो? भुलीचा आणि वेदनाशामकाचा. तो झिजला की खालची कळ उघडी पडते. म्हणजे आजोबा तुम्हाला सांगत होते, ‘गोळीचा असर गेला, पोरी.’ त्यांच्या दृष्टीने ती औषधाची मागणी होती. इंग्लंडच्या उत्तरेकडची जुनी माणसं दुखतंय असं तोंडाने सहसा म्हणत नाहीत. ती एवढंच सांगतात आणि सिस्टरला कळलं असेल असं धरून गप्प पडून राहतात.

हेच क्रियापद चांगली बातमीही आणतं, गोंधळ तिथेच होतो. कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालेल्या बाईला तुम्ही विचारता, ‘हॅज द स्पायनल वोर्न ऑफ?’ म्हणजे भूल उतरली का, पाय हलवता येतात का. तिथे ‘येस’ आलं की आपण खूश. चक्कर, मळमळ, झापड ‘वेअर ऑफ’ झाली तरी बरंच. दुखणंसुद्धा ‘वेअर ऑफ’ झालं असं कुणी म्हणू शकतं, भाषेला त्यात काही वावगं नाही. तेव्हा क्रियापद एकच, आणि बातमी चांगली की वाईट ते काय झिजलं यावर ठरणार. आजोबांनी तो कर्ता ‘इट’ या एका अक्षराएवढ्या शब्दात गुंडाळून ठेवला होता. आपल्याकडचा पेशंटही ‘आता उतरलं’ एवढंच म्हणतो, पण त्याची भूल उतरली की ताप, हे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, कागदावरून कळतं. परक्या भाषेत आपला सगळा जीव शब्द पकडण्यात जातो आणि चेहऱ्याकडे बघायचं राहून जातं.

म्हणून ‘इट’ ऐकलं की थांबा आणि विचारा, ‘द पेन ऑर द टॅब्लेट?’ एवढे शब्द पुरतात. व्याकरणशुद्ध लांब वाक्य जुळवत बसू नका. मग औषधाच्या चार्टवर नजर टाका. प्रौढ माणसाला पॅरासिटामॉलचा एक ग्रॅमचा डोस चार ते सहा तास चालतो, हे मी तुम्हाला काय सांगणार! गोळी देऊन पाच तास झाले असतील आणि पेशंट ‘इट्स वेअरिंग ऑफ’ म्हणत असेल, तर बहुतेक वेळा चार्टनेच उत्तर दिलेलं असतं.

आणि हा प्रसंग अजून मनातच ठेवला असेल, तर वॉर्डच्या मुख्य सिस्टरना सांगून टाका. तिथल्या नर्सिंगच्या आचारसंहितेत असं मोकळेपणाने सांगणं हे कर्तव्य मानलेलं आहे. परदेशातून आलेल्या सिस्टरांना हा शब्द अडतो हे एकदा त्यांच्या ध्यानात आलं, तर तुमच्यानंतर येणाऱ्या मुलींना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगून ठेवील. तुमच्या गप्प राहण्याने मात्र पुढचा कुणी आजोबा असाच ओठ आवळून पडेल.

आता ‘लेट अप’. ‘अप’ आलं म्हणजे वर गेलं, वाढलं, असा हिशेब तुम्ही केलात. तो अगदी स्वाभाविक आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. ‘लेट अप’ म्हणजे जोर सैल होणं, उसंत देणं. इंग्रज माणूस हे क्रियापद बहुतेक वेळा नकारातच वापरतो: पावसाने सकाळपासून उसंत दिलेली नाही, खोकल्याने रात्रभर उसंत दिलेली नाही. तुमच्या बाईंचं वाक्य म्हणजे ‘रात्रभर कळेने क्षणाची उसंत दिली नाही.’ यात आधीच कळ जोरात आहे हे गृहीत असतं. ‘दुखणं वाढलेलं नाही’ हा हँडओव्हर ऐकून पुढच्या ड्यूटीची सिस्टर त्या बाईंकडे सगळ्यात शेवटी गेली असेल. त्या बाईंकडे खरं तर सगळ्यात आधी जायला हवं होतं.

‘अप’ने कमी होणारी आणखी दोन आहेत. ‘ईझ अप’ म्हणजेही जोर कमी करणं. आणि ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ या दोन्हींचा अर्थ एकच, वेग मंदावणं! त्यामुळे मागे लागलेल्या चिमुकल्या शब्दाकडे बघून अर्थाचा अंदाज बांधायची सवय सोडावी लागेल. क्लासमध्ये शिकवतात की ‘डाउन’ म्हणजे खाली, ‘ऑफ’ म्हणजे दूर, ‘आउट’ म्हणजे संपेपर्यंत. हा नियम निम्म्या वेळा साथ देतो. उरलेल्या निम्म्या वेळी पेशंटची कळ तुमच्या कागदावर उलटी उतरते.

यात तुमची बुद्धी कमी पडतेय असं कृपा करून वाटून घेऊ नका. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हाच प्रस्तावनेत लिहून ठेवलं की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परक्या माणसाला सर्वांत जड जाते. आपणही काही कमी नाही. ‘बोलून गेला’, ‘बोलून टाकलं’ आणि ‘बोलून बसला’ यांतला फरक एखाद्या इंग्रज डॉक्टरला समजावून पाहा. तुम्ही तो कुठल्या यादीतून शिकला नाहीत. घरात, शाळेत, वॉर्डात कोण कशाबद्दल काय म्हणतं ते ऐकत शिकलात.

तुमच्या बहिणीला मिळालेल्या यादीचा दोष मला तिथेच दिसतो. डाय डाउन, ईझ ऑफ, लेट अप, वेअर ऑफ, टेल ऑफ, टेपर ऑफ, कूल ऑफ, ब्लो ओव्हर, पीटर आउट, अशी सगळी एकाखाली एक, आणि समोर एकच अर्थ: कमी होणे. आता स्वतःला विचारा, मराठीत आपण सगळीकडे ‘कमी होणे’ म्हणतो का? वारा पडतो. पाऊस उघडतो. ताप उतरतो. राग निवळतो. गर्दी पांगते. बाजार थंडावतो. उत्साह मावळतो. ‘गर्दी उतरली’ किंवा ‘ताप पांगला’ असं कुणी म्हणालं तर आपल्याला लगेच खटकतं. म्हणजे कर्ता बदलला की क्रियापद बदलतं हे तुमच्या अंगात आधीच मुरलेलं आहे. इंग्रजीतही तेच चाललंय. वारा, आग, गोंगाट, टाळ्या, अफवा ‘डाय डाउन’ होतात. पाऊस आणि कळ ‘लेट अप’ होत नाहीत, म्हणजे उसंत देत नाहीत. दुखणं, ताण, रहदारी ‘ईझ ऑफ’ होते. वादळ आणि लोकांतली चर्चा ‘ब्लो ओव्हर’ होते. तेव्हा क्रियापद कधी एकटं लिहू नका. त्याचा कर्ता शेजारी लिहा, आणि तोही स्वतःच्या कानांनी ऐकलेला.

दुसरी गोष्ट, कमी होण्याचे टप्पे असतात. तुम्ही मिरजेच्या, म्हणून कृष्णेच्या पुराचं उदाहरण घेतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-मिरजेतल्या माणसांचे कान आयर्विन पुलाजवळच्या पातळीकडे लागलेले असायचे. ‘पाणी स्थिर झालं’ ही एक बातमी. ‘उतार लागला’ ही दुसरी. ‘पाणी ओसरलं’ ही तिसरी. स्थिर झालं म्हणून घरी जाऊन चूल पेटवण्याची घाई कुणी केली नाही, कारण पाणी अजून घरातच होतं. ‘लेव्हल ऑफ’ म्हणजे हे स्थिर होणं: चढ थांबला, पण आकडा होता तिथेच. ‘ईझ ऑफ’ म्हणजे उतार लागला, पण पुन्हा चढणार नाही याची हमी नाही. आणि ‘सबसाइड’ म्हणजे ओसरलं. डॉक्टर म्हणाले, ‘हर टेंपरेचर हॅज लेव्हल्ड ऑफ,’ तर ताप उतरला असं समजून पुढे जाऊ नका. ताप अजून आहे, फक्त वाढायचा थांबलाय. नातेवाइकांना सांगताना तर हा फरक फारच जपायला हवा. एका चुकीच्या क्रियापदाने माणूस रात्रभरासाठी निश्चिंत होतो आणि पहाटे फोन आला की कोसळतो.

तुमच्या वॉर्डात रोज कानावर पडतील अशी काही इथे सांगतो, अगदी क्रमवार नाही.

सूज ‘गो डाउन’ होते. ताप ‘कम डाउन’ होतो. पण ‘कम डाउन’ला ‘विथ’ चिकटलं की अर्थ उलटा फिरतो. ‘ही हॅज कम डाउन विथ फ्लू’ म्हणजे फ्लूने पडलाय. पुरळ, जंतुसंसर्ग बरा होऊन नाहीसा झाला की ‘क्लिअर अप’. इथलं ‘अप’ म्हणजे पूर्ण, निःशेष.

चक्कर येऊन थोड्या वेळाने गेली तर जुन्या पिढीची माणसं ‘इट पास्ड ऑफ’ म्हणतात. इथे कान फार जागा ठेवा. ‘पास ऑफ’ म्हणजे आपोआप निघून जाणं, ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं, आणि ‘पास अवे’ म्हणजे जाणं, कायमचं. तिन्ही एकाच वॉर्डात, कधी एकाच दिवशी ऐकू येतात. कळलं नाही तर पुन्हा विचारायला मुळीच लाजू नका.

‘ड्रॉप ऑफ’चं असंच. भेटायला येणाऱ्यांची संख्या ‘ड्रॉप ऑफ’ होते म्हणजे घटते. आजी दोनच्या सुमारास ‘ड्रॉप्ड ऑफ’ म्हणजे आजींचा डोळा लागला. बेडवरून पडल्या नाहीत.

‘टेल ऑफ’ म्हणजे शेपटीसारखं बारीक होत जाणं. टाक्यांतून येणारा स्राव ‘टेल ऑफ’ झाला तर आनंदाची गोष्ट. पण हँडओव्हरमध्ये ‘हर युरिन आउटपुट हॅज टेल्ड ऑफ’ ऐकू आलं तर हातातलं काम टाकून बघायला जायचं. ताशी दर किलो वजनामागे अर्धा मिलिलिटर ही रेषा तुम्हाला पाठच आहे. त्याखाली गेलेली लघवी आणि ‘कमी होणे’ हा यादीतला गोड अर्थ यांचा काही संबंध नाही.

‘टेपर ऑफ’ हा बहुधा तुमच्या प्रिस्क्रिप्शनवरच भेटेल. ‘टेपर’ म्हणजे टोकाकडे निमुळती होत जाणारी मेणबत्ती. स्टेरॉइड बरेच आठवडे चालू असलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं नेहमीचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवायचं काम सोडून देतात. औषध एकदम बंद केलं तर शरीराकडे ना बाहेरचं राहतं ना घरचं, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा. पेशंटला घरी सोडताना ‘स्टॉप’ आणि ‘टेपर ऑफ’ यांतला फरक त्याच्याच तोंडून वदवून घ्या. त्याला कळलं की नाही हे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय समजत नाही.

‘वाइंड डाउन’ म्हणजे दिवसभराचा ताण सैल करत झोपेकडे वळणं. चावीच्या घड्याळाची गुंडाळी उलगडत गेली की घड्याळ मंदावतं, तिथला हा शब्द. लिहिताना मात्र तो ‘विंड’सारखाच दिसतो, आणि ब्रिटनमध्ये ‘विंड’ म्हणजे पोटातला वायूसुद्धा. बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं म्हणजे ‘विंडिंग द बेबी’. कधी प्रसूती वॉर्डात ड्यूटी लागली तर उपयोगी पडेल.

‘पीटर आउट’ अमेरिकेतल्या खाणकामगारांचा, एकोणिसाव्या शतकातला. धातूची शीर खणता खणता संपून जाई, तेव्हा म्हणत. आज एखादी चळवळ, संभाषण, उत्साह असा विरून जातो. वॉर्डात फारसा लागणार नाही. ‘ब्लो ओव्हर’, ‘टोन डाउन’ हेही चहाच्या सुट्टीत ऐकून आपसूक कळतील, त्यांच्यासाठी आता डोकं शिणवू नका.

‘डाय डाउन’ ऐकून समजून घ्या, पण अत्यवस्थ पेशंटच्या नातेवाइकांसमोर स्वतःहून वापरू नका. कानाला आधी ‘डाय’ लागतो. व्याकरणात चूक नसेल, तरी त्या घटकेला तो शब्द नको.

आता त्या मुलीचं भडकणं. तुमच्या मनात माया होती याबद्दल मला शंका नाही, पण ती वाटेत गळून पडली. मराठीत आपण ‘शांत व्हा’ म्हणतो तेव्हा त्या ‘व्हा’मध्येच आदर आहे. ‘शांत व्हा हं ताई’ म्हटलं की ‘हं’मध्ये जवळीक आली, ‘ताई’मध्ये नातं आलं. इंग्रजी आज्ञार्थाला यातलं काही नाही. तिथे ‘काम डाउन’ नागडा हुकूम होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ‘तू उगाच तमाशा करतेयस, आवर’ असं सांगितलं. रडणाऱ्या मोठ्या माणसाला तर ते हमखास लागतं, कारण तिच्या रडण्याला कारण आहे हेच आपण नाकारलं असा त्याचा अर्थ निघतो. ‘सेटल डाउन’ मोठ्या माणसाला हुकूम म्हणून दिलं, तर शाळेतल्या बाईंनी वर्गाला दटावल्यासारखं होतं. ‘लाइटन अप’ आणि ‘ईझ अप’ही तोंडावर म्हणायची नाहीत.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना मात्र हीच क्रियापदं अगदी निरुपद्रवी आहेत. ‘ही हॅज कामड डाउन नाउ’ म्हणा, खुशाल म्हणा. रात्रीच्या नोंदीत ‘सेटल्ड’ हा शब्द तर तुम्ही तिथे रोज वाचत असाल: पेशंट शांत होता, झोपला, तक्रार नव्हती. लहान बाळालाही ‘सेटल’ करतात. सर्वनाम आलं तर ते मधे घाला, ‘काम हिम डाउन’, ‘टोन इट डाउन’. शेवटी टाकलं की वाक्य मोडतं.

मग रडणाऱ्या मुलीला काय म्हणायचं? आधी तिचं दुःख कबूल करा: ‘इट्स अ लॉट टु टेक इन.’ मग वेळ द्या: ‘टेक युअर टाइम.’ मग काहीतरी करायला सुचवा, आणि तेही प्रश्न म्हणून: ‘वुड यू लाइक टु सिट डाउन फॉर अ मिनिट?’ खुर्ची पुढे ओढा, स्वतःही बसा. मराठीत जी माया ‘हं’ आणि ‘ताई’मध्ये ठेवतो ती इंग्रजीत या प्रश्नार्थात आणि या बसण्यात ठेवावी लागते. ती मुलगी पुन्हा भेटायला आली तर जाऊन सांगा, ‘आय डिडन्ट मीन टु साउंड शार्प द अदर डे.’ त्याहून जास्त खुलासा नको. बहुतेक वेळा समोरचाही ‘मीच फार त्राग्यात होते’ म्हणून जातो.

शिकायचं कसं, हे विचारलंत. खिशात एक छोटी वही ठेवा. पेशंटचं नाव, बेड क्रमांक, आजार यातलं काहीही त्यात उतरवायचं नाही. ती फक्त शब्दांची वही. क्रियापद, त्याचा कर्ता, आणि बातमी चांगली की वाईट, एवढं एका ओळीत. ‘वेअर ऑफ: गोळीचा असर, वाईट.’ खाली ‘वेअर ऑफ: पायातली भूल, चांगलं.’ एकाच शब्दाच्या दोन ओळी झाल्या तर होऊ द्या, उलट त्याच जपून ठेवा.

अधिकृत नोंदीत मात्र पेशंटचे शब्द आहेत तसे अवतरणात घाला, आणि शेजारी आकडा आणि वेळ. समजा असं: रात्री २.१५. पेशंटचे शब्द, ‘इट्स स्टार्टिंग टु वेअर ऑफ.’ विचारल्यावर म्हणाले, गोळीचा असर जातोय. दुखणं दहापैकी सहा. आधीचा डोस ९.४५ला. आता दुखण्याचं औषध दिलं. मग ३.०० वाजता पुन्हा विचारलं: दहापैकी तीन. क्रियापदाचा अर्थ लावण्यात तुमची गफलत झाली, तरी सहावरून तीन हा उतार कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही. हँडओव्हरमध्येही हेच करा, आधी आकडा, मग शब्द. अनुभवी इंग्रज सिस्टरसुद्धा असंच करतात, कारण ‘इझ्ड ऑफ अ बिट’मधलं ‘अ बिट’ म्हणजे किती हे त्यांनाही कळत नाही.

तुम्ही स्वतः बोलताना फ्रेझल व्हर्ब वापरलंच पाहिजे असं काही नाही. ‘इज द पेन बेटर ऑर वर्स?’ हे साधं वाक्य कुठल्याही पेशंटला कळतं, आणि ते म्हटल्याने तुमचं इंग्रजी कच्चं ठरत नाही. ऐकताना सगळी ओळखता यायला हवीत, बोलताना दोन-चार पुरतात. ‘ईझ ऑफ’, ‘वेअर ऑफ’, ‘गो डाउन’ आणि ‘सेटल’ एवढ्यावर सर्जिकल वॉर्डातली रात्र निभावते.

आता बहिणीचं. तिला सांगा, दोनशेची यादी पाठ करू नकोस. ओईटीमध्ये ही क्रियापदं प्रामुख्याने ऐकण्याच्या पहिल्या भागात सामोरी येतात. तिथे पेशंट आणि वैद्यकीय व्यक्ती यांचे दोन संवाद ऐकवतात आणि टिपणातल्या चोवीस रिकाम्या जागा भरायच्या असतात. ध्वनिफीत एकदाच वाजते, यादी आठवायला वेळच मिळत नाही. म्हणून सरावाच्या जुन्या फिती घेऊन बसायचं. पहिल्यांदा परीक्षेसारखं ऐकायचं. दुसऱ्यांदा लिखित संवाद समोर धरून, पेशंटने जिथे जिथे काही वाढलं किंवा कमी झालं म्हटलंय तिथे खूण करायची आणि कर्ता शोधायचा: काय कमी झालं? असे पन्नास संवाद कान देऊन ऐकले की यादीतली कामाची क्रियापदं आपोआप गोळा होतील. उरलेली तिला बहुधा कधी भेटणारही नाहीत.

लेखनाच्या भागात मात्र उलटं. तिथे १८० ते २०० शब्दांचं पत्र, बहुधा नर्सने पेशंटला दुसऱ्या कुणाकडे पुढच्या उपचारांसाठी सोपवण्याचं. त्यात ‘द पेन वोर ऑफ’ न लिहिता ‘सबसाइडेड’, ‘रिझॉल्व्ह्ड’, ‘डिक्रीज्ड’ लिहायचं. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला ऐकणं, वाचणं आणि बोलणं यात बी श्रेणी लागते, लेखनात सी प्लस चालते. त्यामुळे लेखनाच्या धास्तीने बहीण ऐकण्याचा सराव टाळत असेल, तर तिला तो रोज करायला लावा. शक्य झालं तर रविवारी फोनवर तुम्हीच पेशंट व्हा. तुमच्या वहीतली वाक्यं तिथल्या माणसांच्या चालीत, भरभर, अर्धी गिळून म्हणा, आणि ‘इट’ म्हणजे काय ते तिला विचारायला लावा.